तट नसलेली गावे

किल्ल्याची मराठी जरा कान देऊन ऐकावी. किल्ला, बुरूज, खंदक, दरवाजा, फौज, तोफ. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द अरबी, फारसी नाहीतर तुर्की मुलखातून चालत आलेला. 'तटबंदी' हा शब्द तर सरळ जोडकाम आहे. 'तट' इथला, 'बंदी' तिकडची. आपल्या महाराष्ट्रात इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर तट उभा राहतो. शाळेची सहल निघते ती किल्ल्यावर. दिवाळीत आळीआळीत मातीचे किल्ले होतात आणि आमच्या भिवंडीत मोहल्ल्यातली पोरेही ते पाहायला जात आली आहेत. पण याच मातीत शेतीचा आणि कायमच्या वस्तीचा पाया ज्यांनी घातला, त्यांची बहुतेक गावे बिनतटाची होती. त्या गावांच्या टेकड्या अजून आहेत. काहींना सरकारने संरक्षण दिले आहे. तिकडे सहल मात्र जात नाही.

आम्हाला त्यांचा पत्ता लागला तो एका आडनावामुळे. आम्ही चौघे जण वाचायला एकत्र बसतो. दोन शिक्षक, एक सायझिंगमधले हिशेबनीस आणि चौथे निवृत्त जॉबर. त्यांना सगळी गल्ली जॉबरचाचा म्हणते. एका ग्रंथालयात नेवाशाच्या उत्खननाचा १९६० सालचा इंग्रजी अहवाल हाती आला. लेखकांत डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांच्या जोडीला नाव होते झेड. डी. अन्सारी. भिवंडीच्या गल्लीत 'अन्सारी' म्हणून हाक मारली तर दहा माणसे वळून पाहतात. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांची वस्ती आमच्याकडे वाढली आणि त्यांच्यातले हे घरोघरचे आडनाव. आमच्यातले एक शिक्षक कोकणी मुसलमान. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. त्यांनाही ते नाव पाहून बरे वाटले.

मग आम्ही शोध घेतला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या या अन्सारींचे नाव एका अहवालावर नाही. चांदोली, नवदाटोली, आहाड, कायथा आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला, डॉ. म. के. ढवळीकर आणि सांकळिया यांच्यासह लिहिलेला इनामगावचा मोठा अहवाल. या महाराष्ट्रातले पहिले शेतकरी कसे राहत, काय खात, मेलेल्यांना कुठे ठेवत हे ज्यांनी मातीतून वाचून काढले, त्यांत हा माणूस होता.

जॉबरचाचा म्हणाले, "म्हणजे आपल्यातला एक माणूस आयुष्यभर कबरी उकरत होता?"

"कबरी नाही चाचा, घरं."

"अहवालात तर हाडंच हाडं आहेत."

"दोन्ही आहेत. त्या लोकांच्या कबरी घरातच असायच्या."

चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चला, बघून येऊ."

या लोकांची संस्कृती 'जोर्वे' नावाने ओळखली जाते. जोर्वे हे प्रवरेकाठचे, संगमनेर तालुक्यातले साधे खेडे. १९५०-५१ मध्ये तिथे खोदकाम झाले आणि लाल मातीवर काळ्या रेघांची नक्षी काढलेली, तोटीची भांडी मिळाली. तशीच भांडी पुढे तापी, गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांत गावोगाव सापडत गेली. कोकणपट्टी आणि विदर्भाचा पूर्व भाग सोडला तर महाराष्ट्रभर हे लोक पसरले होते. काळ म्हणाल तर इ.स.पू. १४०० ते १०००, काही ठिकाणी इ.स.पू. ७०० पर्यंत. तांबे होते पण थोडे, म्हणून रोजच्या कामाला दगडाची पाती. लोखंड नव्हते, लिपी नव्हती. शाळेच्या पुस्तकात याला ताम्रपाषाण युग म्हणतात आणि दोन ओळींत संपवतात.

आमच्या तालुक्यात लोनाडचे लेणे आहे, पण जोर्वे लोकांचे गाव नाही. ते घाटाखाली उतरलेच नाहीत. म्हणून आम्हाला घाट चढावा लागला. कसारा, घोटी, सिन्नर, संगमनेर आणि पुढे प्रवरेच्या काठाकाठाने. दुतर्फा ऊस. ज्या खोऱ्यात त्या लोकांनी बार्ली, गहू, मसूर पेरला, तिथे आज साखर पिकते.

प्रथम दायमाबादला गेलो. अहिल्यानगर जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावर हे ठिकाण आहे. १९५८ मध्ये ते उजेडात आले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीन वेळा खोदले. अखेरचे खोदकाम १९७९ मध्ये संपले. १९७४ साली इथल्या एका भिल्ल माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना धातूच्या चार मूर्ती मिळाल्या. बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यामुळे दायमाबादचे नाव झाले. आम्ही पोचलो तेव्हा समोर होती नुसती उंचसखल जमीन, बाभळी आणि शेळ्या. शेळ्यांमागच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कुठून आले पाव्हणे?"

"भिवंडीहून."

"लूमवाले का? इथं काय राह्यलंय बघायला? रथ तर केव्हाच गेला शहरात."

"गाव बघायला आलो, बाबा."

"गाव? गाव तर उठलं की हो. लई जुनी गोष्ट."

बाबांनी तीन हजार वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगितला. पायाखाली खापरे होती. एकाला लाल अंगावर काळी रेघ होती. आम्ही वाकून पाहिले, उचलले नाही. अशा जागेवरची खापरी उचलून नेऊ नये हे आम्ही वाचून गेलो होतो. प्रत्येक थरातली प्रत्येक वस्तू तिच्या जागेवर असेपर्यंतच बोलते. जागेवरून हलली की मुकी होते.

दायमाबाद हे मोठे गाव होते आणि अपवादाचेही. इथे जोर्वे काळात भोवती मातीची भिंत असल्याच्या खुणा मिळाल्या. शिरूर तालुक्यात घोड नदीवर असलेल्या इनामगावलाही दगडमातीचा लांबलचक बांध सापडला. पण तो कालव्याच्या कडेने, पुराचे पाणी वळवून शेतीला घेण्यासाठी होता असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. बाकीची गावे लहान, नदीकाठची, उघडी. खुद्द जोर्वेला तट नाही, नेवाशाला त्या काळचा तट मिळालेला नाही. कुडाच्या भिंती, शेणामातीची जमीन, धान्याच्या कणग्या, चूल, दोन घरांमधून जाणारी वाट. चारी बाजूंनी येता यावे अशी.

आता भिंत असलेल्या आणि नसलेल्या गावांचे पुढे काय झाले? भिंत बांधलेले दायमाबाद इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडले. त्याच सुमारास बिनभिंतीची कितीतरी गावेही ओस पडली. फौज आली नव्हती. पाऊस कमी होत गेला असे ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडले. इनामगाव आणखी तीनशे वर्षे तगले, पण कसे? आधीची ऐसपैस चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. दायमाबादच्या भिंतीने आत काय राखले असेल ते असेल, बाहेरचा दुष्काळ तिने अडवला नाही.

हे वाचताना आम्हाला आणखी एक गोष्ट चटका लावून गेली. इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मेलेल्याने उठून दूर जाऊ नये, घरातच राहावे, म्हणून असे करत असावेत, असा तर्क आहे. लहान मुले दफनासाठी दोन कुंभांत ठेवत, कुंभांची तोंडे एकमेकांना लावत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. आम्ही मय्यत खांद्यावर घेऊन कब्रस्तानात नेणारी माणसे. पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला. नंतर वाटले, यात क्रूरपणा नाही. वेशीबाहेरून कोणी येईल याचा धसका त्यांच्या घरांच्या रचनेत दिसत नाही. धसका दिसतो तो आपले माणूस जाण्याचा.

दायमाबादहून नेवाशाला आलो. नेवासे म्हटले की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते, १२९० साली ती जिथे सांगितली गेली तो खांब आठवतो. तिथे गर्दी होती. आम्हीही दर्शन घेणाऱ्यांच्या मागे उभे राहून तो खांब पाहिला. मग लाडमोड टेकडीकडे वळलो. तिकडे आम्ही चौघेच.

१९५४ ते ५६ आणि पुन्हा १९५९ ते ६१ या काळात इथे खोदकाम झाले. इथल्या एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याला गंज चढतो. त्या गंजाने मण्यातला दोरा कुजू दिला नाही. तीन हजार वर्षांचा तो दोरा तपासणीला गेला ए. एन. गुलाटी यांच्याकडे. मोहेंजोदडोच्या कापसाची तपासणी १९२८ साली करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांना तो दोरा रेशमाचा आणि त्यात कापसाचे तंतू असलेला आढळला. चांदोलीच्या मण्यांत जवसाच्या तागाचा दोरा निघाला.

जॉबरचाचांची सारी हयात सुताशी गेलेली. ते म्हणाले, "रेशमात कापूस? म्हणजे मिक्स यार्न! कोणी कातला असेल?" आम्ही सांगितले, या गावांतून मातीच्या भाजलेल्या चकत्या निघतात, मधोमध भोक असलेल्या. टकळीला वजन म्हणून लावायच्या. चाचा टेकडीवर खाली बसले. कोष, कापूस आणि तांबे या तिन्ही गोष्टी एकाच वावरात पिकत नाहीत. कोणी तरी कुठून तरी आणले असेल, कोणी तरी कातले असेल, कोणी तरी मणी ओवले असतील. गाव उघडे होते म्हणून ते दारापर्यंत आले.

लाडमोडचे अहवालातले थर वाचायला घेतले की आणखी गंमत आहे. खाली जोर्वे लोक. मग शतकानुशतके कोणी नाही. त्यावर सातवाहनांच्या काळची वस्ती. त्या काळात भूमध्य समुद्राकडून मद्य घेऊन आलेल्या उंच सुरयांचे तुकडे इथल्या मातीत आहेत. रोमचे भांडे नेवाशाला! पुन्हा मोठा खंड. आणि सर्वांत वर, आपल्या पायाला सर्वांत जवळचा जो थर, त्याला सांकळिया-अन्सारी मंडळींनी नाव दिले 'मुस्लिम-मराठा काळ'. काचेच्या रंगीत बांगड्या, चकाकीची भांडी, चुली, घरांचे पाये.

त्या दोन शब्दांमधल्या छोट्या आडव्या रेघेपाशी आम्ही थबकलो. खोदणाऱ्याला हे वेगळे काढता आले नसावे. फुटकी बांगडी कोणाच्या हातातली होती, हे बांगडी सांगत नाही. चुलीवर शिजले ते कोणाच्या घरचे, हे राख सांगत नाही. विद्वानांनी शास्त्राच्या सोयीसाठी दिलेले नाव, पण आम्हाला ते आमच्या गावच्या पाटीसारखे वाटले. आमच्या महानगरपालिकेचे नावही असेच जोडाचे आहे, भिवंडी-निजामपूर.

याच गावात आम्ही ७ मे १९७० पाहिला. आमच्यातले दोघे तेव्हा शाळकरी होते. शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर जे झाले, ते न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात खंडच्या खंड भरून आहे. ते इथे उगाळत नाही. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. लूम जळाले, घरे जळाली, माणसे गेली. त्यानंतर गावात अदृश्य तट उभे राहिले. या नाक्यापलीकडे आपण जायचे नाही, त्या गल्लीतून रात्री यायचे नाही. कित्येक कुटुंबांनी आपल्यासारख्यांच्या वस्तीत खोली शोधली. भीती खरी होती, म्हणून कोणाला दोष देववत नाही. पण असे तट बांधणाऱ्यालाच आत ठेवतात, हेही आम्ही पाहिले. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्याबद्दल काहीही ऐकले तरी खरे वाटू लागते.

मग १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. प्रत्येक वस्तीतली दोन्हीकडची साधी माणसे एका सतरंजीवर बसवायची. पुढारी नव्हेत, दुकानदार, लूमवाला, हमाल, मास्तर. बोलणे गटाराचे, पाण्याचे, भोंग्याचे, पोरांच्या भांडणाचे. दंगल झाल्यावर भरवायची ही सभा नव्हती, एरवीच्या दिवसांची बैठक होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. भिवंडीत तसे झाले नाही. देशभर ज्या गावाचे नाव दंगलीशी जोडले गेले होते, ते गाव त्या हिवाळ्यात शांत राहिले. बंदोबस्त होताच. पण रात्री अफवा उठली की जो माणूस उठून पलीकडच्या गल्लीत जाई आणि दार वाजवून विचारी, "भाऊ, खरं काय आहे?", त्याला ते दार माहीत होते. दार माहीत होते कारण मधली वाट मोडली नव्हती.

आम्ही हे भाबडेपणाने म्हणत नाही. जोर्वे लोकांचे गावही काही स्वर्ग नव्हते. इनामगावला एक घर पाच खोल्यांचे आहे, त्याला लागून धान्याचे कोठार. बाकीच्यांची घरे लहान. म्हणजे मोठा आणि धाकटा तेव्हाही होता. आमच्याकडेही कारखान्याचा शेठ आणि बारा तास उभा राहणारा कारागीर यांच्यातली भिंत जातधर्म बघत नाही. तट नाही म्हणून सारे चांगले, असे नाही. तट बांधला म्हणून सारे वाचले, असेही नाही. एवढेच म्हणायचे आहे.

आणि तट तर रोज वाढत आहेत. आमच्यातल्या एकाने मुलासाठी जवळच्या एका शहरात घर पाहिले. खोल्या आवडल्या, भाव ठरला. नाव सांगितल्यावर मात्र सोसायटीचा एक नियम अचानक निघाला. नियम कागदावर नव्हता, पण पक्का होता. उलट आमच्याच मोहल्ल्यात 'बाहेरच्याला' खोली देताना आम्हीही आता दहा प्रश्न विचारतो. २०१९-२० च्या त्या दिवसांत तर गल्लीतले प्रत्येक घर जुने कागद हुडकत होते. दाखले, शाळेची पुस्तके, वाडवडिलांच्या नावची पावती. तुम्ही मूळचे कुठले, हा प्रश्न हवेत होता. लाडमोड टेकडीवर उभे राहिल्यावर त्या प्रश्नाची उंची कळते. तिथे मूळचा कोण? सर्वांत खालचा थर ज्याचा, तो गाव सोडून कुठे गेला, त्याची लेकरे आज कोणत्या नावाने हाक मारली जातात, कोणत्या देवापुढे वाकतात, हे खापरीवर लिहिलेले नाही. ती आमच्यात असतील, आपल्यात असतील. माती कागद मागत नाही. ती फक्त ठेवून घेते.

'संरक्षित' हा शब्दही आम्ही परतताना बराच घोळवला. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० साली तो अधिक कडक झाला. संरक्षित जागेपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करायचे नाही. नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कायदा हवाच. तो नसता तर अशा कितीतरी टेकड्या नांगराखाली आणि वीटभट्टीत गेल्या असत्या. अनेक गेल्याही. जन्मभर ज्या गावाला कुंपण नव्हते त्याला मेल्यावर कुंपण घालावे लागते, यात त्या गावाचा दोष नाही. पण तारेचे कुंपण जागा राखते. जागेचा अर्थ राखायला माणसे लागतात. दायमाबादच्या बाबांना रथ माहीत होता. त्यांच्या शेळ्या ज्या वाटेवर चरत होत्या ती वाट तीन हजार वर्षांपूर्वीची असू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही सांगितले. बाबा हसले. म्हणाले, "म्हंजी आमच्याआधी कोणीतरी इथंच शेळ्या राखत होतं म्हणा की."

आमच्या दोन्ही शिक्षकांनी आता ठरवले आहे की पुढच्या वर्षी शाळेची सहल किल्ल्याबरोबर नेवाशालाही न्यायची. खांब दाखवायचा आणि टेकडीही दाखवायची. मुलांना सांगायचे की इथे एका बाळाच्या गळ्यात रेशीम आणि कापूस एकत्र कातलेला दोरा होता, आणि ज्या मंडळींनी तो मातीतून काढला त्यांच्यात एक अन्सारी होता. भिवंडीच्या मुलांना दोऱ्याची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ताणा एका दिशेने जातो, बाणा आडवा. दोन्ही एकाच दिशेला धावले तर कापड होत नाही, हे त्यांनी घरात पाहिलेले आहे.